पेनड्राइव्ह लावला, पण लिनक्स उठेना

"पेनड्राइव्ह बनवला, लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी पुन्हा आपली विंडोजच उघडली. पेनड्राइव्ह खराब निघाला का?"

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं. पेनड्राइव्ह ठीक असतो, लॅपटॉपही ठीक असतो. मधल्या चार-पाच टप्प्यांपैकी एकावर गाडी अडलेली असते. ती नेमकी कुठे अडली हे न पाहता माणूस तोच पेनड्राइव्ह पुन्हा पुसून पुन्हा बनवत बसतो आणि रविवार वाया जातो.

हा प्रश्न अलीकडे जास्त ऐकू येऊ लागला, त्याला एक तारीख कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते. 2014-15 चा, कीबोर्ड-पडदा ठणठणीत असलेला लॅपटॉप या अटीत बसत नाही. तो भंगारात काढायचा, असुरक्षित विंडोजवर चालवायचा, की त्यावर फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं, एवढेच पर्याय उरतात. तिसरा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा. पण त्याची वाट पेनड्राइव्हमधून जाते.

ओझरसारख्या गावात तर ही वाट स्वतःच शोधावी लागते. (हे जुन्नर तालुक्यातलं, कुकडीकाठचं विघ्नहराचं ओझर, नाशिकजवळच्या विमान कारखान्याच्या ओझरशी गल्लत नको.) लॅपटॉप अडला की नारायणगाव किंवा जुन्नर गाठायचं, आणि तिथे बहुतेकदा एकच इलाज सुचवला जातो: फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकणं. गंमत म्हणजे याच नारायणगावजवळ खोडदला, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. तिच्या अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र गुंफण्यासाठी तिथल्या अभियंत्यांनी बाजारात मिळणारे तयार सुटे भाग वापरून 48 संगणकांचा एक समूह उभारला. 2010 मध्ये त्याची माहिती शोधनिबंधात प्रसिद्ध झाली. तो समूह लिनक्सवर चालणारा होता. त्यामुळे लिनक्स ही दूरदेशी, प्रयोगाची चीज आहे असं निदान या तालुक्यात तरी कुणी समजायला नको.

1. बटण दाबल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय होतं

संगणक चालू केल्यावर लगेच विंडोज जागी होत नाही. आधी जागा होतो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, साधारण 2012 नंतरच्या यंत्रांत यूईएफआय. बोलताना सगळे दोघांनाही 'बायोस'च म्हणतात, पण पेनड्राइव्ह बनवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हा प्रोग्रॅम मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो. मग एक यादी पाहतो: आधी कुठे शोधायचं, नंतर कुठे. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात. यादीत आतली डिस्क पहिली असेल तर पेनड्राइव्ह कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे कुणी बघतही नाही. वरच्या प्रश्नाचं सर्वांत सामान्य उत्तर हेच.

पेनड्राइव्हकडे बघितलंच, तर बघण्याच्या दोन पद्धती आहेत. जुना बायोस पेनड्राइव्हचे अगदी सुरुवातीचे 512 बाइट वाचतो. तिथे ठरावीक खूण असेल तरच पुढे जातो. यूईएफआय तसं करत नाही. तो पेनड्राइव्हवर फॅट पद्धतीचा विभाग शोधतो, त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्यात 'बूट' नावाचा फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल. त्या फाइलच्या नावात एका अक्षराची चूक असली तरी यूईएफआयच्या दृष्टीने तो पेनड्राइव्ह रिकामा.

म्हणून पहिली कसोटी एकच: तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर लावून पाहावा. शेजाऱ्याकडून मागून आणावा, पण पाहावा. तिथे चालला तर दोष पहिल्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. दोन्हीकडे नाही चालला तर पेनड्राइव्ह किंवा त्यात टाकलेली फाइल संशयित. दहा मिनिटांच्या या कामाने निम्मं जंगल साफ होतं.

2. फाइल पुरी उतरली का?

लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा यांपैकी काहीही घेतलं तरी ते आयएसओ नावाच्या एका मोठ्या फाइलच्या रूपात मिळतं. मिंटची फाइल 3 जीबीच्या आसपास असते, उबुंटूची हल्ली त्याच्या जवळपास दुप्पट. गावात ती उतरवली जाते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दिवसाला 1.5 जीबीचा पॅक असेल तर मिंटची फाइल एका दिवसात पुरी होत नाही. मध्येच नेट मंदावतं, ब्राउझर अर्धी फाइल 'पूर्ण' म्हणून दाखवतो आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथेच खचतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, टॉरेंटने उतरवणं. 'टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे' हा समज इथे सोडून द्यावा. लिनक्सचे बहुतेक प्रकल्प स्वतःच टॉरेंटचा दुवा देतात. टॉरेंट फाइलचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा तपासून घेतं आणि नेट तुटलं तर दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. हॉटस्पॉटवाल्यासाठी याहून सोयीचं काही नाही.

दुसरा उपाय पडताळणीचा. प्रत्येक आयएसओसोबत 64 अक्षर-अंकांची एक माळ दिलेली असते, तिला एसएचए-256 म्हणतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही माळ पार वेगळी येते. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून गेट-फाइलहॅश ही आज्ञा (रोमन अक्षरांत) लिहावी, पुढे जागा सोडून फाइल तिथे ओढून टाकावी आणि एंटर दाबावं. थोड्या वेळात माळ दिसते. ती संकेतस्थळावरच्या माळेशी जुळली की फाइल पुरी. सगळी 64 अक्षरं वाचायची गरज पडत नाही. अर्धवट उतरलेली फाइल असेल तर पहिल्या सहा-आठ अक्षरांतच फरक कळतो.

ही पडताळणी केवळ अर्धवट फाइल पकडण्यासाठी नाही. 20 फेब्रुवारी 2016 रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरून 17.3 सिनॅमन या आवृत्तीच्या दुव्याऐवजी चोरदरवाजा असलेल्या खोट्या आयएसओचा दुवा लावला होता. मिंटच्या चमूने घुसखोरी जाहीर केल्यावर ज्यांनी आपल्या फाइलची माळ खऱ्या माळेशी ताडून पाहिली त्यांना आपली फाइल खोटी आहे की खरी हे लगेच कळलं. माळ शक्यतो फाइल जिथून घेतली त्याहून वेगळ्या, अधिकृत ठिकाणाहूनही पाहावी, ती यासाठी.

3. 'कॉपी केलं की झालं' हा गैरसमज

आयएसओ उतरली. ती उचलून पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली. पेनड्राइव्ह उघडल्यावर फाइल दिसते आहे, तरी मशीन बूट होत नाही. बरीच माणसं इथेच अडकतात.

बियाण्याची सीलबंद पिशवी वावरात नेऊन ठेवली म्हणून पीक येत नाही. पिशवी फोडून बी ओळीत पेरावं लागतं. आयएसओचंही तसंच आहे. तिच्या आतले फोल्डर, ती 512 बाइटची खूण, ती ठरलेल्या नावाची फाइल हे सगळं पेनड्राइव्हवर आपापल्या जागी जावं लागतं. ते काम रूफस, बलेना एचर यांसारखे छोटे प्रोग्रॅम करतात. व्हेंटॉय नावाचा प्रोग्रॅम याला अपवाद आहे: तो एकदा पेनड्राइव्हवर बसवला की पुढे आयएसओ खरोखरच नुसती कॉपी करून चालते, आणि एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच आयएसओ ठेवून बूट होताना हवी ती निवडता येते. ज्याला गावातले बरेच लॅपटॉप दुरुस्त करायचे आहेत त्याने सरळ व्हेंटॉय घ्यावा.

रूफस वापरताना तो दोन गोष्टी विचारतो आणि तिथे चूक होते. विभागणी एमबीआर की जीपीटी? यंत्र बायोसचं की यूईएफआयचं? अंदाजाने उत्तर देऊ नये. विंडोजमध्ये एमएसइन्फो32 चालवावं. त्यात 'बायोस मोड' या ओळीपुढे 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. लेगसी असेल तर एमबीआर, यूईएफआय असेल तर जीपीटी. पुढे रूफस विचारतो की आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने. आधी आयएसओ पद्धत घ्यावी, नाहीच चाललं तर डीडी.

डीडी पद्धतीने लिहिल्यावर एक घाबरवणारा प्रकार होतो. विंडोजमध्ये 32 जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसू लागतो, किंवा 'डिस्क फॉरमॅट करायची का' असा प्रश्न येतो. पेनड्राइव्ह मेलेला नसतो. त्यावरची लिनक्सची रचना विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. फॉरमॅटला 'नाही' म्हणावं आणि पुढे जावं. काम झाल्यावर विंडोजमधलं डिस्कपार्ट उघडून योग्य डिस्क निवडून 'क्लीन' दिलं की पुन्हा सगळी जागा मिळते. डिस्क निवडताना क्रमांक दोनदा वाचावा. चुकीच्या क्रमांकावर 'क्लीन' दिलं तर आतली डिस्क साफ होते.

लिहून झाल्यावरही पेनड्राइव्ह झटक्यात ओढू नये. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला 8 एमबी लिहीत असेल तर 3 जीबीला 3000 भागिले 8, म्हणजे 375 सेकंद, सव्वासहा मिनिटं लागतात. एखाद्या प्रोग्रॅमने मिनिटभरात 'झालं' म्हटलं तर बराचसा भाग अजून संगणकाच्या मेमरीतच पडून असण्याची शक्यता असते. 'सेफली रिमूव्ह' करूनच काढावा.

4. पेनड्राइव्ह खोटाही असतो

32 जीबीचा पेनड्राइव्ह विंडोज 29.8 जीबी दाखवते. यात फसवणूक नाही. कंपनी 32 अब्ज बाइट मोजते, विंडोज 1,07,37,41,824 बाइटला एक जीबी धरते; भागाकार केला की 29.8 येतात.

खरी फसवणूक वेगळी आहे. यात्रेच्या बाजारात किंवा ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या '64 जीबी'च्या काही पेनड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात 8 जीबीचीच चिप असते. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. पहिले 8 जीबी नीट लिहिले जातात, त्यापुढचं हवेत जातं किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. एक आयएसओ एखाद्या वेळी बसून जाते, व्हेंटॉयवर चार-पाच टाकल्या की मात्र मध्येच तुटतं, आणि कारण कळत नाही. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ3 हे प्रोग्रॅम संपूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचतात आणि खरी जागा किती ते सांगतात. तपासाला तास-दोन तास लागतात. नवा पेनड्राइव्ह घेतल्या दिवशीच हा तपास करून टाकावा. दुकानात परत करायची मुदत असतानाच.

5. बूट मेन्यू आणि तिथली अडवणूक

आता पेनड्राइव्ह चोख आहे. तो लावून मशीन चालू केलं आणि ठरावीक कळ दाबली की एक छोटी यादी येते: आतली डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क. डेल आणि बहुतेक लेनोव्होवर ही कळ एफ12, एचपीवर एफ9 (किंवा आधी एस्केप), असुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ11. एसरवर एफ12 चालते, पण अनेक मॉडेलांत ती आधी बायोसमध्ये जाऊन सुरू करावी लागते. कळ एकदा दाबून थांबू नये. कंपनीचं चिन्ह दिसायच्या आधीपासून टकटक दाबत राहावी.

कळ दाबून यंत्राला 'पेनड्राइव्हकडे बघ' सांगण्याची ही रीत सगळीकडे आहे. 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावरच्या शाळेत 'एक मूल एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. तेही लिनक्सवरच चालत. त्या लॅपटॉपची प्रणाली पेनड्राइव्हवरून नवी करताना पॉवर बटणाच्या वरच्या, खेळाच्या चार कळा एकदम दाबून धरून तो चालू करायचा असे.

कळ लागतच नसेल तर दोष बहुधा विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चा किंवा बायोसमधल्या 'फास्ट बूट'चा. विंडोज 8 पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. बायोसचा फास्ट बूट तर वेळ वाचवण्यासाठी यूएसबी तपासणंच टाळतो. सोपी पळवाट अशी: विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' करावं, निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडावं आणि यादीतून पेनड्राइव्ह घ्यावा. पुढे लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवायचे असतील तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करावं. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाइली फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत.

यानंतर येतं सिक्युअर बूट, आणि याच्याबद्दल चुकीचा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो. विंडोज 8 च्या काळात, 2012 मध्ये, ही सोय सर्रास आली. ज्या बूट फाइलवर ओळखीची डिजिटल सही आहे तीच चालू द्यायची, बाकीच्यांना थांबवायचं, असं तिचं काम. हेतू चांगला आहे. लिनक्सवाल्यांनी त्यासाठी 'शिम' नावाची छोटी फाइल बनवून तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली. उबुंटू, फेडोरा आणि 2019 च्या आवृत्ती 10 पासून डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाही बूट होतात. त्यामुळे 'लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंदच करावं लागतं' हे सरसकट खरं नाही. काही नव्या लॅपटॉपांत मात्र बायोसमध्ये 'मायक्रोसॉफ्टच्या तिसऱ्या पक्षाच्या सह्या मान्य करा' अशा अर्थाचा पर्याय बंद असतो. तो चालू केला की पुरतं.

पण ऑगस्ट 2024 मध्ये एक खरी अडचण झाली. विंडोजच्या मासिक अपडेटने जुन्या, सुरक्षेत त्रुटी असलेल्या शिम फाइलींना बंदी घातली आणि विंडोजसोबत लिनक्स असलेली अनेक यंत्रं 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश देऊन बंद पडू लागली. जुन्या आयएसओवरून बनवलेले पेनड्राइव्हही त्यात अडकले. हा संदेश दिसला तर आधी ताजी आयएसओ उतरवावी. त्यानेही नाही झालं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं.

बंद करण्यापूर्वी एक काम मात्र चुकवू नये. लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज 48 अंकी किल्ली मागते. बऱ्याच जणांना आपल्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू आहे हेच माहीत नसतं. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आधी तिथून काढून कागदावर लिहून ठेवावी.

2014 ते 2016 दरम्यान विकल्या गेलेल्या, ॲटम प्रोसेसर आणि 2 जीबी रॅमच्या स्वस्त छोट्या लॅपटॉपांचा त्रास निराळाच. त्यांतल्या अनेकांत प्रोसेसर 64 बिटचा, पण यूईएफआय 32 बिटचा आहे. नेहमीच्या पेनड्राइव्हकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. 32 बिट यूईएफआयची फाइल सोबत असलेलंच लिनक्स तिथे शोधावं लागतं. डेबियनमध्ये ती सोय आहे.

6. सुरू झालं, मग अडलं

पडद्यावर लिनक्सची यादी दिसली म्हणजे बायोस, पेनड्राइव्ह आणि सिक्युअर बूट तिघेही सुटले. आता मागे जाऊन त्यांच्याशी झटापट करू नये.

यादीनंतर पडदा काळा पडला तर तो बहुतेकदा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो, विशेषतः एनव्हिडियाच्या. यादीवर 'ई' कळ दाबावी, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द (अर्थात रोमन लिपीत) जोडावा आणि एफ10 दाबावं. साध्या चित्रपद्धतीत प्रणाली उघडते. योग्य ड्रायव्हर नंतर टाकता येतो.

'लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर सुरुवातीचा भाग वाचला गेला पण मोठा भाग वाचता आला नाही असं समजावं. आधी पोर्ट बदलावा. निळ्या यूएसबी 3 ऐवजी काळ्या यूएसबी 2 मध्ये लावावा, हबमधून काढावा. मग फाइलची माळ तपासावी. मग पेनड्राइव्ह. याच क्रमाने, कारण हाच क्रम स्वस्त ते महाग असा आहे.

आणि सगळं छान सुरू झालं, पण इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नाही? मग बायोसमध्ये साठवणुकीचा पर्याय 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी'वर असतो. तो 'एएचसीआय' करावा लागतो. विंडोजही ठेवायची असेल तर हा बदल करण्याआधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगावं, नाहीतर ती निळा पडदा दाखवून बसते.

7. 'इन्स्टॉल' दाबण्याआधी

बहुतेक लिनक्स पेनड्राइव्हवरूनच, काहीही न बदलता, चालवून पाहता येतं. ही सोय पुरेपूर वापरावी. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का हे तिथेच बघावं. वायफाय नाही चालला तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं. लिनक्स बहुतेक वेळा ते लगेच ओळखतं आणि मग वायफायचा ड्रायव्हर नेटवरून घेता येतो. मराठी टाइप करून पाहावं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयार असतो, आणि डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत तर मराठी आहेच. लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी वाचायला मिळाली ती बऱ्याच अंशी लोहित फाँटमुळे. रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये मुक्त केलेले ते फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले होते.

त्यानंतर इन्स्टॉलरच्या एका पडद्यावर 'डिस्क पुसून टाका आणि इन्स्टॉल करा' असा पर्याय येतो. सगळ्यात सोपा दिसणारा पर्याय तोच असतो आणि तो डिस्कवरचं सगळं नेतो. म्हणून घरातले फोटो, जमिनीचे उतारे, मुलांचे दाखले आणि बँकेचे कागद दुसऱ्या डिस्कवर घेऊन, ते तिथे उघडतात की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.